वीण अजून लॉगिन आहे

सकाळचा चहा झाला की रूट मशीनसमोर बसायचा आणि एकच अक्षर दाबायचा: डब्ल्यू. मग या घडीला आपल्याकडे कोण कोण बसलंय, त्याची यादी मशीन दाखवायचं. यादीत दोन नावं असायची. एक त्याचं. दुसरं 'वीण', म्हणजे त्याची बायको. तिनं किती वेळ कीबोर्डला हात लावलेला नाही, तो आकडा तिच्या नावापुढे असायचा. तो दिवसांत असायचा आणि हजारांत गेलेला असायचा, कारण वीणला जाऊन सहा वर्षं झाली होती.

हे ऐकून कुणी म्हणेल, म्हातारा कामातून गेला. तसं काही नव्हतं. वीण लोकरीच्या गिरणीसाठी स्वेटरचे नमुने लिहायची: इतके टाके सुलट, इतके उलट, अशा ओळींमागून ओळी. दवाखान्यात जायच्या सकाळी ती आपल्या खोलीतल्या टर्मिनलवर, म्हणजे त्याच मशीनला तारेनं जोडलेल्या पडद्या-कीबोर्डवर, असाच एक नमुना लिहीत होती. गाडी दाराशी आली तशी ती उठली, "उरलेली बाही आल्यावर लिहिते" म्हणाली आणि गेली. ती परत आली नाही. पण माणूस गेला हे मशीनला कुणीतरी सांगावं लागतं, आपण होऊन त्याला कळत नाही. रूटनं सांगितलंच नाही. मशीनच्या लेखी बाई अजून खुर्चीत बसलेली होती, नुसती विचार करत.

आणि मशीन एकदाही बंद झालं नव्हतं. लाइट गेली तर सांभाळायला खाली बॅटरी होती, तीही त्यानं वेळोवेळी चालू मशीनवरच बदलली होती. पोटच्या पोराच्या तापाकडे लक्ष ठेवावं तसं त्याचं त्या खोक्याच्या पंख्याच्या आवाजाकडे लक्ष असे.

खोकं तसं दिसायला काहीच नव्हतं. राखाडी, चपटं, त्यावर एक वजनदार मॉनिटर, आणि पोटात एकच प्रोसेसर. पण रूट जिथे नोकरीला होता त्या भिंगांच्या कारखान्यात ते आलं, तेव्हा लोक बघायला आले होते. त्याआधी कॉम्प्युटर म्हणजे काचेच्या खोलीतलं एक मोठं धूड. आपला नंबर लागेपर्यंत बाहेर थांबायचं आणि एक स्वल्पविराम चुकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. या खोक्यानं ते अख्खं धूड एका माणसाच्या टेबलावर आणून ठेवलं. त्यात युनिक्स नावाची प्रणाली होती, तारेनं दुसऱ्या मशीनशी बोलणं होतं, चारचौघांनी एकाच वेळी काम करणं होतं. प्रोसेसर एकटाच, पण प्रत्येकाकडे क्षणभर बघून इतक्या झटक्यात पुढच्याकडे वळायचा, की प्रत्येकाला वाटे, हा फक्त माझाच. घरातल्या बाईला जमतं तसंच हे, असं वीण म्हणायची, फक्त त्याला कारखान्यात खास थंड हवेची खोली दिली होती.

मग स्वस्त कॉम्प्युटर आले आणि यांची सद्दी संपली. कारखान्यानं ही मशीनं भंगारात काढली. मशीनच्या सगळ्या किल्ल्या ज्या खात्याकडे असतात त्याला रूट म्हणतात, आणि तिथे त्या किल्ल्या याच्याकडे होत्या म्हणून सगळे याला रूट म्हणत. तेव्हा भंगारातलं एक खोकं तो हक्कानं घरी घेऊन आला. भिंतीला भोक पाडून वीणच्या खोलीत एक टर्मिनल ओढून दिलं. आता कुणी या खोक्याला हसलं की तो चिडायचा. "खिशातला मोबाइल काढ," म्हणायचा. "त्याच्या आत जे चालतं ना, ते याच घराण्यातलं. आजोबांना हसू नये."

हसणाऱ्यांत त्याची लेक पहिली. ती दातांच्या कवळ्या बनवायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं छोटं वर्कशॉप होतं आणि त्याच्याच वर घर. रूटच्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. गेल्या वर्षी नवरा वेगळा झाल्यापासून ती एकटीच राहत होती. "बाबा, माझ्याकडे या," असं ती दोन-चारदा म्हणाली. प्रत्येक वेळी हा म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?" शेवटी एकदा दोघांत जोरदार वाजलं आणि त्या भांडणातून एक करार झाला. रूट म्हणाला, "ज्या दिवशी माझ्या हातून काय घडलं ते माझं मलाच सांगता येणार नाही, त्या दिवशी मी या हातानं मशीन बंद करीन आणि तुझ्याकडे येईन. तोवर हा विषय काढायचा नाही." लेकीनं विषय काढला नाही. शब्दाची पक्की, अगदी आईवर गेलेली.

तर त्या सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि आरामखुर्चीतच रूटला डुलकी लागली. जाग आली तेव्हा पेपर खाली पडला होता आणि पायांवर शाल होती. शाल कधी घेतली ते त्याला आठवेना. असेल घेतली, असं म्हणून तो उठला, मशीनसमोर बसला आणि डब्ल्यू दाबलं.

वीणच्या नावापुढे लिहिलं होतं: बावीस मिनिटं.

त्यानं चष्मा पुसला. पुन्हा डब्ल्यू दाबलं. तेवीस.

म्हणजे तेवीस मिनिटांपूर्वी कुणीतरी वीणच्या कीबोर्डवर बोटं ठेवली होती. आणि घरात त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

रूटचा भुतांवर विश्वास नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण मग दुसरी शक्यता उरली नसती. दुसरी शक्यता म्हणजे तो स्वतःच. गेल्या महिन्यात लेकीला त्याचा चष्मा बटाट्यांच्या टोपलीत सापडला होता. परवा दुकानात जाऊन तो नुसताच उभा राहिला होता, काय घ्यायला आलो ते डोक्यातून साफ गेलं होतं. शेवटी काहीतरी न्यावं म्हणून त्यानं साबण घेतला, आणि घरी येऊन पाहतो तर साबणाच्या तीन वड्या आधीच पडलेल्या. हे दुकानाचं त्यानं लेकीपासून लपवलं होतं. साबणावरून कोणी घर सोडतं का? पण आज गोष्ट वेगळी होती. झोपेत उठून आपण तिच्या खोलीत गेलो, सहा वर्षं ज्याला हात लावला नाही त्याला हात लावला, येताना शाल घेऊन खुर्चीत बसलो आणि यातलं काहीच आठवत नसेल, तर करार पुरा झाला होता. मशीन बंद. वीणचं नाव यादीतून कायमचं गेलं.

त्यानं लेकीला फोन लावला.

"काय करतेयस?"

"काम. साचा ओततेय. का हो?"

"सकाळी इकडे आली होतीस का?"

"नाही बाबा. सकाळपासून इथेच आहे. का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"बाबा, खरं सांगा. काही झालंय का?"

"अगं, खालचं दार वाजल्यासारखं वाटलं, म्हणून विचारलं. ठेवतो."

फोन ठेवल्यावर तो आणखीच गोंधळला. लेक आली नव्हती. धुणंभांडीवाल्या बाईंचा आज वार नव्हता. मग त्यानं टेपवाल्याला फोन केला. हा त्याचा कारखान्यातला दोस्त, सगळ्या मशीनांच्या नकला टेपांवर काढून कपाटात रचायचं काम याचं. जगात कशाचीही दुसरी प्रत ठेवल्याशिवाय त्याला झोप यायची नाही.

"तार खराब झाली असेल," टेपवाला म्हणाला. "जुनी तार कधीकधी आपोआप अक्षरं सोडते."

"सहा वर्षांत नाही सोडली ती."

"मग एक तर भूत, नाहीतर तू."

"तेच विचारतोय रे! मी की नाही मी?"

"मला काय विचारतोस? पडद्यावर काय उमटलंय ते जाऊन बघ की. अर्धं आयुष्य लोकांना तू हेच सांगत आलास, आधी पडदा वाचा, मग बोंब मारा."

बरोबर होतं. पण नेमकी त्याचीच रूटला भीती वाटत होती. आपल्याच हातची चार वेडीवाकडी अक्षरं तिथे दिसली, तर पुढे बोलायला जागाच उरणार नव्हती. तो पाणी प्यायला. विनाकारण खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग वीणच्या खोलीचं दार ढकललं.

खोली होती तशीच होती. लोकरीच्या नमुन्यांचे रंगीत गुच्छ भिंतीवर, खुर्चीच्या पाठीला तिचा राखाडी स्वेटर. काच जळू नये म्हणून टर्मिनलचा उजेड त्यानं अगदी मंद करून ठेवलेला असे, इतका की अक्षरं दिसतही नसत. आता तो उजेड वाढवलेला होता. हिरवी अक्षरं स्वच्छ दिसत होती. म्हणजे तार नाही आणि भूतही नाही, कारण भुताला उजेड कशाला लागतो? माणूसच. रूट तिच्या खुर्चीत बसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

तो वाचायला लागला. पाठ, पुढची बाजू, गळा, उजवी बाही, सगळं जागच्या जागी. टर्मिनलला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही येत नसे, त्यामुळे वीणचं मराठी त्याच अक्षरांत लिहिलेलं असे आणि त्याला ते सवयीनं वाचता येई. डाव्या बाहीची शेवटची ओळ 'टाके' या शब्दावर संपायला हवी होती, ती ओळ त्याला तोंडपाठ होती. पण 'टाके' तिथे नव्हतं. त्याचं पहिलं अक्षर एकीकडे होतं, उरलेला शब्द चार ओळी खाली ढकलला गेला होता, आणि मध्ये कुणाचं तरी बोलणं घुसलं होतं. सुरुवात होती, 'बा थकलेत की मीच, कळत नाही.'

बा? या घरात कुणी कुणाला बा म्हणत नव्हतं. रूटला काही उमगेना. तो त्या फुटलेल्या शब्दाकडे बघत राहिला. शब्द असा मधोमध कसा फुटला?

आणि मग त्याच्या बोटांना ते त्याच्याआधी कळलं.

या एडिटरची, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅमची, एक खोड होती. उघडल्या उघडल्या लिहायला लागलं तर तो लिहून घेत नसे. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर हा हुकूम असे, 'आता लिहू दे' असा हुकूम दिल्याशिवाय कागद मिळत नसे. वीण दर वेळी उठताना एस्केपचं बटण दाबून हा कागद मिटून ठेवायची. रूटही तसाच, झोपेतून उठवून बसवलं तरी त्याचं बोट आधी लिहायच्या हुकमावर पडलं असतं. पण या माणसाला खोड माहीतच नव्हती. त्यानं थेट 'बाबा' लिहायला घेतलं, म्हणजे इंग्रजी बी, ए, बी, ए. पहिलं 'बी' एडिटरनं हुकूम म्हणून घेतलं आणि तो एक शब्द मागे सरकला. मग आलेलं 'ए' त्याच्या भाषेत 'या अक्षरानंतर लिहू दे'. झालं, दार उघडलं, आणि पुढचं सगळं 'टाके'च्या पोटात उतरलं. 'बाबा'चा अर्धा भाग एडिटरनं गिळला होता.

ही चूक रूटकडून होणं शक्य नव्हतं. वेड लागलं असतं तरी नाही. तो स्वतःचं नाव विसरला असता, घरचा पत्ता विसरला असता, पण ही चूक त्याची बोटं विसरूनही करणार नव्हती.

"मी नाही!" तो मोठ्यानं म्हणाला आणि एकटाच हसला. डोकं शाबूत होतं. करार पुरा झाला नव्हता. मशीन चालू राहणार होतं. त्याला इतकं हलकं वाटलं, की हे कुणी लिहिलं हा प्रश्न डोक्यात यायला जरा वेळच लागला. त्याला 'बाबा' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. तिच्याकडे या घराची किल्ली होती, आणि झोपलेल्या माणसाच्या पायांवर शाल टाकायची सवयही तिलाच. खोटारडी कुठली, साचा ओततेय म्हणे!

हसू ओठांवर असतानाच त्यानं पुढचं वाचलं.

'बाबा थकलेत की मीच, कळत नाही. घरी गेलं की कुणी नसतं. वर्कशॉपमधून वर जायला नको वाटतं. बाबांना या म्हणायचंय पण आता म्हणता येत नाही, करार करून बसलोय. त्यांचं डोकं बिघडलं तरच ते येणार. त्यांचा चष्मा टोपलीत सापडला ना आई, तेव्हा मला आनंद झाला. मी वाट बघतेय बाबांचं डोकं जाण्याची. किती वाईट आहे मी. ते हलले, जा'

तिथेच तुटलं होतं. हा खुर्चीत हलला असणार आणि ती निघून गेली असणार.

रूटनं ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं पुसट झाली, तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय. त्याला लाज वाटली. गेलेल्या बाईची जागा राखत तो सहा वर्षं बसला होता. आणि जिवंत पोरीला दोन शब्द बोलायला जागा नव्हती म्हणून ती बाप झोपल्याचं बघून, चोरपावलांनी, तिला न येणाऱ्या यंत्रात आईशी बोलायला आली होती. स्वतःच्या येण्याची अट त्यानंच घातली होती, तीही अशी, की पोरीनं बापाचं वाईट चिंतल्याशिवाय तिला बाप मिळूच नये. वा रे करार! शहाण्या माणसाचं काम.

दोन बटणं दाबली की हे सगळं पुसलं जाणार होतं. एस्केप, मग यू, म्हणजे शेवटचा बदल रद्द. 'टाके' पुन्हा अखंड झालं असतं, नमुना वीणनं सोडला होता अगदी तसा. एडिटरला मागचं एवढंच आठवत असे, शेवटचा एक बदल. त्याचं बोट एस्केपवर गेलं. कालपर्यंत त्यानं एक क्षणही विचार केला नसता.

त्यानं बोट उचललं. लेकीला एस्केप ठाऊक नव्हतं, त्यामुळे कागद अजून उघडाच होता. तिचं वाक्य जिथे तुटलं होतं तिथेच त्यानं काहीतरी टाइप केलं, आणि लेकीला पुन्हा फोन केला.

"ये."

"काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही. ये."

ती आली तेव्हा तिच्या बाह्यांवर साच्याची पांढरी भुकटी होती. टॅक्सीतून उतरून धावत जिना चढली होती, धापा टाकत होती. बाप आईच्या खुर्चीत बसलेला बघून ती दारातच थबकली. पडद्याचा उजेड बघितला आणि तिला सगळं समजलं.

"मी खराब केलं ना आईचं," ती म्हणाली. तोंड लालबुंद झालं होतं. "मला वाटलं काही उमटतच नाहीये. मग एकदम उमटायला लागलं. पुसायचं कसं ते कळेना. फोनवर खोटं बोलले मी, बाबा. आणि तुम्ही ते वाच... सगळं वाचलंत?"

"वाचलं. आता तू वाच. शेवटून."

ती पुढे आली, वाकली. 'ते हलले, जा' याच्या पुढे, मध्ये जागाही न सोडता, लिहिलं होतं:

'डोकं शाबूत आहे. तरी येतो.'

तिनं ते वाचलं. परत वाचलं. मग आईच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडली. रूटच्या सदऱ्यावर पांढरी भुकटी लागली.

"पण मशीन न्यायचं तर बंद करावं लागेल," जरा वेळानं ती म्हणाली. "मग आई..."

"हो."

"तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार," रूट म्हणाला. "पण करू." तो उठला आणि तिला खुर्चीत बसवलं. "मी सांगतो तसं दाब. हे एस्केप. आता हे दोन टिंबांचं. डब्ल्यू. क्यू. थांब, एंटर अजून नको."

"याने काय होईल?"

"तिचा नमुना, तुझं रडगाणं आणि माझं उत्तर, तिन्ही एका फाइलीत जपली जातील. मग तिला निरोप द्यायचा."

"या नमुन्यानं कुणी स्वेटर विणायला घेतला तर?" डोळे पुसत लेक म्हणाली.

"डाव्या बाहीत अडकेल बिचारी."

दोघं हसली, आणि हसता हसता तिनं एंटर दाबलं. मग त्यानं सांगितलेला लॉगआउटचा शेवटचा हुकूम तिनं एकेक अक्षर शोधत लिहिला. दोघं बाहेरच्या खोलीत आली. रूट आपल्या मशीनसमोर बसला, पण त्याचा हात काही पुढे होईना. तेव्हा लेकीनंच त्याच्या खांद्यावरून वाकून डब्ल्यू दाबलं.

यादीत एकच नाव होतं. तो त्या एका नावाकडे बघत राहिला. लेकीनं बाजूचं स्टूल ओढलं आणि त्याला चिकटून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "यात माझं नाव कसं घालायचं?"